फुकटचा हत्ती

३ फेब्रुवारी

माननीय परीक्षक,

नमस्कार. विनंती विशेष नाही, तक्रार विशेष आहे.

आपण एका छपराखाली सव्वीस वर्षं काढली, आपल्याला एक लेक आहे, आणि गेली सहा वर्षं आपण एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही. हे सगळं मी या पत्रापुरतं दाराबाहेर ठेवते. आत आली आहे ती फक्त स्पर्धक क्रमांक चौदा.

आपल्या त्रैमासिकात बुद्धिबळाच्या कोड्यांच्या स्पर्धेचा निकाल आला. माझ्या कोड्यापुढे आपण लिहिलंत, "बाद. संगणकीय तपासणीत काळा जिंकतो." एवढंच. मेलेल्या माणसाच्या दाखल्यावरसुद्धा याहून जास्त मजकूर असतो.

या पत्राची प्रत संपादकांना जाते आहे. पटावरचं आपल्याला फार कळत नाही असं ते स्वतःच सांगतात, म्हणून त्यांच्यासाठी सोपं करून लिहिते. कोडं असं आहे: पांढऱ्याने खेळायचं आणि डाव बरोबरीत सोडवायचा. पांढऱ्याजवळ राजा, एक हत्ती आणि प्यादी आहेत. काळ्याजवळ दोन हत्ती, एक उंट आणि प्यादी. कुणीही बघून म्हणेल की पांढऱ्याचं आटोपलं. पण पांढरा पहिल्याच चालीत आपला एकुलता एक हत्ती शह देऊन मारायला देतो. काळ्या राजाला तो घ्यावाच लागतो. मग एक प्यादं पुढे जातं, पुन्हा शह, राजा मागे. मग दुसरं प्यादं. आणि बघता बघता पटाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत प्याद्यांची भिंत उभी राहते. माझी प्यादी त्याच्या प्याद्यांना भिडलेली, कुणालाच हलता येत नाही. काळ्याचा उंट त्याच्याच प्याद्यांमागे कोंडलेला. हत्तींना शिरायला दार नाही. माझा राजा भिंतीमागे इकडून तिकडे फेऱ्या मारतो. पन्नास चालींत कुणी मेलं नाही, प्यादंही सरकलं नाही, तर नियमाने डाव बरोबरीत.

आपला प्रोग्राम, ज्याला आपण कौतुकाने मुनीम म्हणता, तो सोंगट्या मोजतो. हत्तीचे पाच, उंटाचे तीन. मुनीमला भिंत मोजता येत नाही. काळा कसा जिंकतो ते चालींनिशी कळवावं, नाहीतर निकाल बदलावा.

हे कोडं माझ्या नावाने छापायला दिलेलं पहिलंच आहे. हे वाक्य खरं तर दाराबाहेरच्या गाठोड्यातलं आहे, पण चुकून आत आलं. असू दे.

— स्पर्धक क्रमांक चौदा

•

१९ फेब्रुवारी

तुला,

होय, तुला. लग्नाआधी क्लबात मी तुला अरेतुरेच करत होते. लग्न झालं आणि सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी बजावलं की या घरात नवऱ्याला अहो म्हणतात. सव्वीस वर्षं म्हटलं. आता सासूबाई नाहीत आणि ते घरही माझं नाही, तेव्हा मी आपली मूळच्या जागी येते. राग आला तर येऊ दे.

तुझं उत्तर मिळालं. दोन पानं भरून चाली आणि शेवटी "मूल्यांकन: काळा सातने पुढे". मी ती दोन पानं दाताच्या दवाखान्यामागच्या आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात नेली. आमच्याकडे फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात, गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे. त्यांच्या समोर पट मांडला आणि एकेक चाल खेळून पाहिली. तुझा काळा हत्ती डाव्या कोपऱ्यात जातो. मग उजव्या कोपऱ्यात. मग उंट एक घर मागे, एक घर पुढे. मग पुन्हा हत्ती. हे जिंकणं आहे? हा तर दवाखान्याच्या बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांचा व्हरांडा झाला. आणि प्रत्येक चालीपुढे तो सातचा आकडा, जसाच्या तसा. सातने पुढे असलेला माणूस कधीतरी पोचायला नको का?

आमच्या डॉक्टरांनी डोकावून विचारलं की आज कुणाची कवळी चालली आहे. मी म्हटलं, एका मुनीमची. आकडे चावतो, पण घास गिळत नाही.

आता तुझ्या एका वाक्याबद्दल. तू लिहिलंस, "आपल्याला वाट दिसत नाही, याचा अर्थ वाट नाही असा होत नाही." हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. कारण हे खरं आहे. मुनीम आपल्या दोघांपेक्षा कितीतरी लांबचं पाहतो हे मी नाकारत नाही. मी फक्त विचारते, त्याला नेमकं काय दिसलं? तुला विचारलं तर तू आकडा दाखवतोस. त्याला विचारलं तर तोही आकडाच दाखवतो.

तेव्हा वाद मिटवायचा एकच मार्ग आहे. मुनीमला काळ्याकडून बसव, मी पांढऱ्याकडून बसते. जिंकत असेल तर जिंकून दाखव म्हणावं. हरले तर कोडं मागे घेईन आणि पुन्हा तुमच्या त्रैमासिकाचा उंबरा चढणार नाही. नाही हरले, तर छापायचं. संपादकांना मी आजच लिहिलंय.

आणि एक. लेकीला फोन करून "आईला समजाव, उगाच हसं होईल" असं सांगितलंस म्हणे. ती बिचारी तलावावर पोरांना पाण्यात तरंगायला शिकवत होती, ओल्या हाताने फोन घेतला. तिने मला जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाली, "मला दोघांच्या मध्ये घालू नका, मला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही." मी तिला सांगितलं की हसं व्हायचं असेल तर माझं होईल, आणि ते माझ्या तोंडाने होईल. माणसांच्या तोंडाची मला बरीच माहिती आहे.

— तुझ्या लेकीची आई

•

११ मार्च

तुला,

संपादकांचं पत्र आलं. तू तयार झालास, हे कळलं. क्लबाच्या हॉलमध्ये मी पटासमोर, तू तुझ्या घरी मुनीमजवळ, आणि चाली फोनवरून लेक सांगणार. तिला अखेर मध्ये घातलंच आपण. ती म्हणाली की तिची अट एकच, दोघांनीही तिच्यामार्फत टोमणे पाठवायचे नाहीत. मी कबूल केलंय. म्हणून टोमणे इथेच लिहून घेते.

गेल्या पंधरवड्यात मी भिंतीची पाहणी केली. एकेक प्यादं, एकेक घर. काळ्याने इथे उंट दिला तर? तिथे हत्ती दिला तर? तू म्हणशील, कोडं पाठवण्याआधीच करायचं हे काम. केलं होतं. पुन्हा केलं. मध्ये एक दोन दिवस असे गेले की मी चुकीच्या माणसाचे दात चुकीच्या जबड्यावर बसवले. डॉक्टरांनी खालचा जबडा उचलून माझ्यासमोर उलटा धरला. यापलीकडे तुला काही सांगणार नाही. भिंत उभी आहे एवढं समज.

तू संपादकांना लिहिलेल्या पत्रात एक वाक्य आहे, ते त्यांनी मला निरागसपणे कळवलं. "बाईंनी पूर्वी स्वतंत्रपणे रचना केलेली नसल्यामुळे अशी चूक होणं साहजिक आहे."

स्वतंत्रपणे.

मला वाटलं होतं, तो दिवस मी विसरले. तुझ्या सत्काराचा दिवस. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, लेकीच्या शेजारी. तू बराच वेळ बोललास, आणि छान बोललास. संपादकांचे आभार मानलेस, क्लबाचे मानलेस, खुर्च्या मांडणाऱ्याचेही मानलेस. मग कुणीतरी विचारलं की ते बक्षीस मिळालेलं घोड्याचं कोडं सुचलं कसं. तू हसून म्हणालास, "दाढी करता करता सुचलं."

ते मला सुचलं होतं. लेकीला गोवर आला होता, ती अंगावरून उतरायला तयार नव्हती. एका हाताने तिला थोपटत दुसऱ्या हाताने मी पटावर घोडा फिरवत होते. तू दारात येऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "अगं, हे काय सुरेख आहे." मग तू बसून सगळ्या चाली तपासल्यास, नीट लिहून काढल्यास, पाठवलंस. तपासणी तुझी होती आणि ती चोख होती, हे मी कुणालाही सांगेन. कल्पना माझी, तपासणी तुझी आणि नाव तुझं. सुरुवातीला तू म्हणालास की संपादक दोन नावं छापत नाहीत. तेव्हा खरंच छापत नसत. पुढे छापू लागले, तेव्हा तू काही म्हणाला नाहीस, आणि मीही विचारलं नाही, कारण मला वाटायचं की घरात कुणाचं काय हे कुणी मोजतं का.

पण दाढी करता करता? इतकं वाईट वाटायचं कारण मला तेव्हा सांगता आलं नाही. खोटं बोललास म्हणून नव्हे. बोलताना तुला आपण खोटं बोलतोय हे माहीतच नव्हतं. तुला खरंच तसं आठवत होतं. घरात येऊन मी बॅग भरली, तेव्हा तू विचारलंस, "एवढ्याशा गोष्टीवरून?"

तर आता तारीख ठरव. मी दात ओठ खाऊन बसलेले नाही, उलट झोप उत्तम लागते. मुनीमला मात्र चांगलं तेलपाणी कर.

— मी

•

२ एप्रिल

तुला,

तू फोनच्या त्या टोकाला होतास. तुला दिसला तो मुनीमचा पडदा. पटाकडून काय दिसलं ते तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते.

क्लबाचा हॉल तुला आठवतोय तसाच आहे, फक्त खिडकीची काच बदलली. सकाळचं ऊन थेट पटावर येत होतं, म्हणून सेक्रेटरींनी जुनं वर्तमानपत्र चिकटवलं. बारा-पंधरा माणसं आली होती. निवृत्त पोस्टमास्तर अर्थातच पहिल्या खुर्चीत. त्यांनी बसतानाच जाहीर केलं की यंत्राशी झगडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मी म्हटलं, भिंत माझी आहे, डोकं त्याचं.

लेक माझ्या उजवीकडे, कानाला फोन. केस अजून ओले होते. ती चाल ऐकायची, मला सांगायची आणि काळी सोंगटी स्वतः हलवायची. पहिल्यांदा तिने उंटाला हत्तीसारखं सरळ नेलं, सगळे हसले, तीही हसली. मग सरावली.

मी हत्ती दिला. प्यादी पुढे गेली. भिंत झाली. आणि मग जे होणार होतं तेच झालं. मुनीमचे हत्ती इकडून तिकडे, उंट मागेपुढे, माझा राजा दोन घरांत येरझारा घालतो आहे. सेक्रेटरी फळ्यावर चालींच्या रेघा ओढत होते. लोक कंटाळले, दोघे बाहेर जाऊन आले. पोस्टमास्तरांचा डोळा लागला. मला मात्र कंटाळा येत नव्हता. राजाला पुढच्या घरी ठेवताना दरवेळी वाटायचं की आणखी एकदा मी इथे आहे, आणि तू मला हलवू शकलेला नाहीस.

मधूनच लेकीला विचारलं, आकडा काय म्हणतो. तिने तुला विचारलं. म्हणाली, "सात." आणखी बऱ्याच वेळाने, "सहा." मग ती जरा चमकून म्हणाली, "आई, चार झालाय." पन्नासाव्या चालीची चाहूल मुनीमलाही लागली होती. इतका वेळ श्रीमंतीत बसलेल्या माणसाला अचानक कळावं की ही नोटच चालत नाही, तसं त्याचं झालं.

आणि मग त्याने हत्ती आणून माझ्या दोन प्याद्यांच्या तोंडात ठेवला.

आता ऐक. लेकीने तो तिथे ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, कारण तिलाही दिसत होतं की हा फुकट मिळतोय. सगळी माणसं उठून पटाभोवती आली. पोस्टमास्तर जागे झाले. "घ्या बाई, घ्या," असं एक जण म्हणाला. सेक्रेटरींनी त्याला गप्प केलं, पण त्यांच्याही डोळ्यांत तेच होतं. मी तुला पाठवलेल्या कागदावर काय लिहिलं होतं ते तुला माहीत आहे. तो कागद तुझ्या टेबलावर असणार. "काळ्याने इथे हत्ती दिल्यास प्याद्याने मारावा, बरोबरी."

ते चूक आहे.

पाठवण्याआधी दिसलं नव्हतं. मार्चच्या सुरुवातीला दिसलं, ते चुकीच्या जबड्याचे दिवस. डावीकडच्या प्याद्याने मारलं की मधलं दार उघडतं, उजवीकडच्याने मारलं की कडेचं. दुसरा हत्ती आत येतो आणि काही चालींत माझा राजा संपतो. तेव्हा मला वाटलं की कोडं गेलं, तू बरोबर होतास, आणि मी सहा वर्षांनी तोंड उघडलं ते तोंडावर पडण्यासाठी. दोन दिवस मी पटाकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी एका आजींची कवळी घासत होते. त्या सांगत होत्या की त्यांच्या सूनबाईने भांडण उकरून काढलं, पण त्यांनी उत्तरच दिलं नाही, म्हणून ते तिथेच विझलं. माझा हात थांबला. घ्यायचाच कशाला? हत्ती तोंडात आलाय, येऊ दे. हत्ती येतो त्या क्षणी राजा नेहमीच्या दोन घरांपैकी उजव्या घरात हवा, एवढी एकच खबरदारी. मग हत्ती तिथे बसून काय करणार? त्याला मारायला काही नाही, जायला कुठे नाही.

मी राजा उजवीकडे ठेवला होता. हत्ती न घेता तो डावीकडे सरकवला.

हॉलमध्ये कुणीतरी "अरेरे" म्हणालं. लेक फोनमध्ये म्हणाली, "तिने घेतला नाही." मग मुनीमने दुसरा हत्तीही आणून दुसऱ्या प्याद्याच्या तोंडात दिला. दोन हत्ती ताटात वाढलेले, आणि मी उपाशी बसून राजा हलवतेय. लोक आता हसायला लागले होते, पण माझ्यावर नाही. आकडा शून्य झाला, हे लेकीने न विचारताच सांगितलं.

सेक्रेटरींनी शेवटची रेघ ओढली आणि खडू खाली ठेवला. पोस्टमास्तर उठून माझ्याशी हात मिळवायला आले आणि म्हणाले, "असली दगडी बाई मी बघितली नाही." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

तेव्हा लेकीने फोन छातीशी धरला आणि मला म्हणाली, "बाबा विचारतायत, हे तुला आधीपासून माहीत होतं का?"

मी म्हटलं, "सांग त्यांना, आधीपासून नव्हतं. तीन आठवड्यांपासून होतं."

तिने सांगितलं. तू काय म्हणालास ते तिने मला सांगितलं नाही. टोमणा असेल तर पाठवायचा नाही, ही तिचीच अट.

— मी

•

२० एप्रिल

तुला,

तुझं पत्र तीनदा वाचलं. हाताने लिहिलेलं, छापील नव्हे, याची नोंद घेतली. अक्षर आता ओळ सोडून जातं. डोळे तपासून घे.

कोडं छापायचं, निकाल बदलायचा, हे तू मोकळ्या मनाने मान्य केलंस. तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर मूळ कागदावरचं उत्तर चुकलं होतं याला धरून बसला असता. तू बसला नाहीस. परीक्षक म्हणून तू सरळ आहेस, ते मी कधीच नाकारलं नाही.

मग तू लिहितोस की योग्य उत्तर तुझ्या हरकतीमुळे आणि मुनीमच्या तपासणीमुळे पुढे आलं, तेव्हा कोडं दोघांच्या नावाने छापलं तर न्यायाचं होईल. पहिलं तुझं नाव, दुसरं माझं, असं लिहून ते खोडून तू पहिलं माझं केलंस. खोडलेलं दिसतं रे. आणि शेवटी, "जुन्या वाचकांना बरं वाटेल, आपण दोघं पुन्हा एका पानावर आलो म्हणून."

नाही.

रागाने लिहीत नाही, म्हणून नीट वाच. तुझ्या दोन पानांत त्या फुकटच्या हत्तीचा उल्लेखही नव्हता. तू सांगितलंस, सात. घर कोसळणार आहे असं सांगणारा आणि कुठली वीट हलतेय ते दाखवणारा, हे दोघे एक नव्हेत. तू मला हटकलंस हे खरं. तुझ्या त्या एका वाक्याने मी पुन्हा शोधायला बसले हेही खरं, आणि त्याबद्दल आभार, हे मी वर छापून द्यायला तयार आहे. पण हटकणाऱ्याचं नाव कोड्यावर येत नाही. तसं असतं तर माझी निम्मी कोडी सासूबाईंच्या नावावर गेली असती.

तुला वाटेल, एवढं काय ताणायचं, एक नावच तर आहे. हेच तू पूर्वीही म्हणायचास, फक्त तेव्हा ते नाव तुझं असायचं. मला आता वाटून घ्यायचं नाही. मोठं मन दाखवायचं नाही. लोक म्हणतील बाई ताठ आहे. म्हणू देत, या वयात वाकलं की पाठ धरते.

माझं नाव एकटं. नाहीतर कोडं परत पाठव.

लेक काल जेवायला आली होती. तिला तुझं पत्र दाखवलं नाही, पण विचारलं की तुझ्या बाबांना मी नाही म्हणणार आहे, तुला काय वाटतं. ती भांडी पुसत होती, हातातलं ताट तिने फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "लहानपणी मला वाटायचं तुम्ही दोघं रोज भांडता. पटावर वाकून, हळू आवाजात. मग कळलं की ते तुमचं सगळ्यात चांगलं चाललेलं असायचं." तुलाही हे कळावं म्हणून लिहिलं. याचा अर्थ माझं उत्तर बदललं असा नाही.

— मी

•

५ ऑगस्ट

तुला,

अंक आला. कारखान्याच्या पत्त्यावर आला, म्हणून आधी डॉक्टरांनी वाचला, मग दात काढायला आलेल्या एका गृहस्थांनी भीतीने चाळला, आणि मग मला मिळाला.

नाव एकटं आहे. बक्षीस दुसरं. मी पहिलं बक्षीस मिळालेलं कोडं मांडून पाहिलं. उंटाची ती मागे जाण्याची चाल मला कधीच सुचली नसती. पहिलं त्याचंच होतं. तू मला भरपाई म्हणून पहिलं दिलं असतंस, तर मी अंक फाडून तुला पाठवला असता.

तुझ्या निवेदनाचा शेवटचा परिच्छेद मी उभ्याने वाचला. "आजवर माझ्या नावाने प्रसिद्ध झालेल्या रचनांच्या मूळ कल्पना माझ्या नव्हत्या, त्या क्रमांक चौदाच्या रचनाकार बाईंच्या आहेत. माझं काम तपासणीचं होतं. मला हे फार पूर्वी लिहायला हवं होतं." असं छापायचं आहे हे तू मला विचारलं नाहीस, कळवलं नाहीस, मोबदल्यात काही मागितलं नाहीस. घोड्याच्या कोड्याचं नाव वेगळं घेतलंस आणि गोवराचंही लिहिलंस. म्हणजे आठवलं.

पोस्टमास्तरांचा फोन आला. आता राग सोडा, घरी जा, असं त्यांनी सुचवलं. मी त्यांना सांगितलं की माझं घर आहे, मी त्यातच बसून बोलते आहे. तुलाही कुणी असं सुचवत असेल तर हेच सांग. खरं लिहिलंस, ते बरं केलंस. ते माझ्यासाठी केलंस असं मी धरत नाही, कारण खरं होतं ते छापलं गेलं, यात देणंघेणं नाही. क्षमा केली का, हे विचारू नकोस. मला ठाऊक असतं तर मीच कळवलं असतं.

संपादकांनी मला पुढच्या वर्षीचं परीक्षकपद विचारलं. मी हो म्हटलं. लगेच हो म्हटलं, संकोच वगैरे काही वाटला नाही. मुनीम वापराल का, असं त्यांनी विचारलं. वापरीन म्हटलं. हुशार आहे तो, फक्त त्याच्याजवळ कुणीतरी माणूस बसायला हवा. मात्र नावं झाकून पाठवायची, हा पहिला नियम मी घालून घेतला.

आता तुझ्या चिठ्ठीतल्या ओळीचं उत्तर. अंकासोबत घडी करून ठेवलेली ती एकच ओळ: "मी स्वतः एक रचलंय, आयुष्यात पहिलंच, पाठवलं तर चालेल का?"

पाठव. नाव झाकलेलं असलं तरी मी तुझं कोडं ओळखीन, म्हणून ते मी एकटीने तपासणार नाही, दुसऱ्या परीक्षकाला सोबत घेईन. चांगलं असेल तर बक्षीस मिळेल. नसेल तर परत येईल. पण बाद असं लिहून मी सोडणार नाही, की सातने मागे असंही नाही. कुठे चुकलं आणि का चुकलं, ते मी माझ्या हाताने, सविस्तर लिहून पाठवीन.

— परीक्षक